बारावीच्या पुढे पास नाही



२०२४ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्र सरकारने एक शासन निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. चौकाचौकांत फलक लागले. मुलींना उच्च शिक्षण मोफत झाले, असे गावोगाव सांगण्यात आले. चांगले आहे. ज्या घरची मुलगी इंजिनिअरिंगला, फार्मसीला, मेडिकलला किंवा आमच्यासारखी कृषी पदवीला लागली, त्या घराचा भार हलका झाला, आणि त्याबद्दल नावे ठेवायचे कारण नाही.

पण आपल्या कोरडवाहू गावातल्या किती मुली केंद्रीय प्रवेश फेरीतून इंजिनिअरिंगला जातात? आपली मुलगी शिकलीच तर तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. ला, बी.कॉम. ला, फार तर बी.एस्सी. ला जाते. तिथल्या अनुदानित तुकडीची फी मुळातच थोडी. बैठकीत आम्ही बायकांना विचारतो, पोरगी बारावी पास झाली, पुढे का नाही घातली? फी परवडली नाही हे उत्तर क्वचित येते. उत्तरे येतात ती अशी. गाडी नाही येत हो वेळेवर. खोली करून एकटीला कुठे ठेवायची? चांगले स्थळ चालून आले होते, नाही कसे म्हणायचे? सरकारने माफ केली ती फी. मुलगी अडते ती वाटेवर, खोलीवर आणि बोहल्यावर. त्या तिन्ही ठिकाणी सरकारने काय केले आणि आपण काय केले, याचा हिशेब या पानावर मांडायचा आहे. तो दोघांनाही कडू लागेल.

आधी सरासरीचे सोंग उतरवून ठेवू. पैसेवारी कशी काढतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मंडळातल्या एका गावावर पाऊस कोसळतो, शेजारच्या गावांत माती उडते, आणि पर्जन्यमापक नेमका ओल्या गावात असतो. सरासरी निघते, पैसेवारी पन्नास पैशांच्या वर दाखवतात आणि दुष्काळ नाही असे ठरते. मुलींच्या शिक्षणाची आकडेवारीही याच जातीची. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीप्रमाणे १८ ते २३ वयोगटात उच्च शिक्षणाचे प्रमाण शंभरामागे २८.४ होते. त्यात मुलींचे २८.५ आणि मुलांचे २८.३. म्हणजे देशात मुली मुलांच्या केसभर पुढे. दिल्लीत पेढे वाटावेत असा आकडा आहे. त्याच पाहणीत अनुसूचित जातींचे प्रमाण २५.९ आणि आदिवासींचे २१.२ आहे, ते फलकावर कोणी लिहीत नाही. महाराष्ट्रात साडेचार हजारांवर महाविद्यालये आहेत, राज्याचे एकूण प्रमाण देशाच्या वर आहे, आणि तरी या पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यात मुली मुलांच्या मागेच आहेत. बरे, पाच एकर कोरडवाहू कापूसवाल्याच्या मुलीसाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. गाव फाट्यापासून किती लांब, बस दिवसातून किती वेळा, हे कोणी विचारलेलेच नाही. जे मोजायचेच नाही त्यावर तोड तरी कशी निघणार?

म्हणून आपण सरासरी सोडून दोन ठिकाणे समोरासमोर ठेवू. एक आपले, परभणी-बीडकडचे, फाट्यापासून चार किलोमीटर आत असलेले कोणतेही गाव. दुसरे मुंबईच्या वाटेवरचे. ते का निवडले याला कारण आहे, आणि ते कारण कापसात आहे.

वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी. खामगावचा फाटा १८७० साली टाकला तो तिथल्या माणसांना फिरायला नेण्यासाठी टाकला नव्हता, गाठी बोरीबंदरला नेण्यासाठी टाकला होता. त्याआधी १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांनी अमाप पैसा केला. त्यांतले सगळ्यांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे, राजाबाई. मनोरा १८७८ साली पुरा झाला. बाईच्या नावाचा मनोरा उभा राहिला तेव्हा त्या विद्यापीठाच्या परीक्षेला बाईला बसू देत नव्हते. तो ठराव १८८३ सालचा. आणि त्याच १८८३ साली जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. आदल्या वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी साफ सांगितले होते की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या कष्टातून, आणि उच्च शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गांसाठी. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात त्या मनोऱ्याची सावलीसुद्धा पडली नाही. हा हिशेब जुना आहे आणि अजून चुकता झालेला नाही.

तर वऱ्हाडचा कापूस ज्या रुळावरून बोरीबंदरला जात होता, त्या रुळाला लागून, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला कोपरी ही वस्ती आहे. (डोंबिवलीजवळचे कोपर स्टेशन वेगळे, गल्लत करू नका.) १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून याच ठाण्याला आली. मंत्रालयात काम निघाले की आमचे कार्यकर्ते देवगिरीने भल्या सकाळी ठाण्याला उतरतात आणि ओळखीच्या घरी कोपरीत मुक्काम करतात, म्हणून ही वस्ती आम्हाला ठाऊक. जुने आगरी-कोळ्यांचे गाव, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत, बारा बंगल्याकडचे साहेबांचे बंगले, मधेमधे चाळी आणि नव्या उंच इमारती. सगळ्या थरांची माणसे तिथे दाटीवाटीने राहतात. श्रीमंतांची वस्ती म्हणून आम्ही हे नाव घेत नाही. घेतो ते रुळामुळे.

कोपरीतली मुलगी बारावी झाली की तिच्यापुढे काय असते ते पाहा. पूल ओलांडून पश्चिमेला गेले की जोशी-बेडेकर, बांदोडकर, ज्ञानसाधना. मुंबईकडे एक स्टेशन गेले की मुलुंडचे वझे महाविद्यालय. उलट दिशेला डोंबिवलीचे पेंढरकर, कल्याणचे बिर्ला, उल्हासनगरचे चांदीबाई. २००४ पासून ठाण्याहून थेट वाशीलाही गाडी जाते. सकाळचे कॉलेज करून ती दुपारी घरी येते, कुठे दुकानात नाहीतर क्लासवर काम करून चार पैसे मिळवते. तिला खोली लागत नाही. मेस लागत नाही. बापाला तिच्या राखणीची काळजी आहे, पण ती काळजी संध्याकाळी सात वाजता मिटते, कारण मुलगी रोज घरी येते. आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. रेल्वेने २००८ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले की मुलीला घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास पदवीपर्यंत मोफत. पदवीपर्यंत, हा शब्द लक्षात ठेवा.

आता आपल्या गावाकडे या. एस.टी. ची अहिल्याबाई होळकर योजना आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी मोफत पास. आधी दहावीपर्यंत होता, मागाहून बारावीपर्यंत वाढला. चांगली योजना आहे, तिच्यामुळे हजारो मुली हायस्कुलात पोचल्या, हे आम्ही मान्य करतो. पण बारावीचा निकाल लागला की तो पास संपतो. तेराव्या वर्गाला, म्हणजे बी.ए. च्या पहिल्या वर्षाला, त्याच मुलीने, त्याच फाट्यावर, त्याच गाडीत चढायचे तर तिला पैसे मोजावे लागतात. सवलतीचा पास असतो, दोनतृतीयांश माफ, एकतृतीयांश भरायचा. २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी. ने भाडे १४.९५ टक्के वाढवले. पंचवीस किलोमीटरच्या प्रवासाला त्या हिशेबाने सवलतीचा पासही महिन्याला आठशे ते हजाराच्या घरात जातो. बायकांना सरसकट अर्धे तिकीट २०२३ पासून आहे, पण पासात आधीच त्याहून जास्त सूट असल्याने या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे असे, की रूळ ज्यांच्या दारात आहे त्यांच्या मुलीला पदवीपर्यंत फुकट, आणि जिच्या दारात फक्त लाल गाडी येते तिला बारावीपर्यंत.

ज्वारीवाल्यांना हे समजावून सांगायला नको. ज्वारी पोटरीत आली आणि नेमके तेव्हा पाणी तुटले की काय होते? कणीस निसवत नाही. निसवलेच तर दाणा भरत नाही. नांगरट केली, पाळ्या घातल्या, पेरले, निंदले, खत दिले, सगळे केले आणि पोटरीत पाणी तोडले, तर हाती कडबा येतो. सरकारने या मुलीवर बारा वर्षे खर्च केला. शाळा दिली, पुस्तके दिली, दुपारची खिचडी दिली, कुठे सायकल दिली, पास दिला. आणि पोटरीत पाणी तोडले. आठशे-हजार रुपयांसाठी!

हे क्षुल्लक आहे असे शहरी माणसाला वाटते. २०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या शिकणाऱ्या मुलीने, पासचे पैसे घरात नाहीत या दुःखात जीव दिला. तीनशेच्या आतली रक्कम होती. त्या वेळी पुढाऱ्यांची रीघ लागली. पुन्हा अशी बातमी येईपर्यंत थांबायचे का?

आणि नुसत्या पासाने तरी काय होते? गाडी यायला पाहिजे. २०२१ च्या ऑक्टोबराअखेर सुरू झालेला एस.टी. चा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कामगारांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यांच्याविरुद्ध आमचा शब्द नाही. पण त्या सहा महिन्यांत मुलगा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून कॉलेजला गेला, मुलगी घरी बसली, आणि घरी बसलेल्या मुलीचे त्या उन्हाळ्यात काय झाले हे आपल्या मांडवांना ठाऊक आहे. संपाआधी महामंडळाच्या गाड्या अठरा हजारांच्या घरात होत्या, नंतर त्या पंधरा हजारांच्या आसपास आल्या. कमी झाल्या त्या कुठल्या? पुणे-मुंबईच्या निमआराम गाड्या नव्हेत. आडगावची मुक्कामी गाडी बंद झाली. जी सकाळी साडेसहाला गावातून निघायची, तीच आपल्या मुलींचे कॉलेज होती.

आता खोलीचा हिशेब. आम्ही शेतीशास्त्र शिकलो ते क्विंटलात मोजायला, म्हणून पदवीही क्विंटलातच मोजू. जिल्ह्याच्या गावी मुलीला ठेवायची तर मेसचे महिन्याला तीन हजार धरा, चौघींत मिळून खोली केली तरी दीड हजार धरा. दहा महिन्यांचे पंचेचाळीस हजार. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे, पण खेडा खरेदीत ओलावा आणि कवडी दाखवून व्यापारी सात हजारांच्या आसपास आणून ठेवतो. केंद्राने २०२५ च्या ऑगस्टात आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क उठवले आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. नेमका आपला माल बाजारात यायच्या वेळी. सात हजारांतून बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणीचे किलोमागे दहा रुपये जाऊन क्विंटलला दोन हजार उरले असे उदारपणे धरू. मग पंचेचाळीस हजारांसाठी साडेबावीस क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी साडेचार क्विंटल धरले तर पाच एकरांचे सगळे निव्वळ उत्पन्न एका मुलीच्या एका वर्षाला. घराने मग खायचे काय? फी माफ झाली म्हणणाऱ्यांनी हे गणित कोपरीच्या पुलावर उभे राहून एकदा करून पाहावे.

वेळेचे गणित आणखी वाईट आहे. कॉलेजचे प्रवेश जून-जुलैत होतात. आपल्या घरात जून-जुलैत पैसा असतो का? असेल नसेल तो बी-बियाण्यात गेलेला असतो, उरलेला सावकाराकडून आणलेला असतो. कापसाचा पैसा दिवाळीनंतर, पौष-माघात. खोलीची अनामत, प्रवेशाची रक्कम, पुस्तके, सगळे मृगाच्या पावसात मागतात. शिष्यवृत्ती आहे म्हणतात, तर ती आधी अर्ज, मग पडताळणी, मग बँक खाते जोडणी, असे करत वर्ष संपता संपता येते. नोकरदाराला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो, त्याच्या बेताने आखलेली ही व्यवस्था आहे. ज्याला वर्षातून एकदाच पैसा दिसतो त्याचा विचार करून एकही तारीख ठरलेली नाही.

इथवर सरकारची उलटतपासणी झाली. आता आपल्या घरात जाऊ, आणि रागावू नका.

खोलीला पैसे नाहीत म्हणता, मग मुलासाठी कुठून येतात? पुण्याच्या पेठांत कॉटबेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरे कोणाची आहेत? आपलीच आहेत. एकेक जण चार-चार, पाच-पाच वर्षे तिथे आहे. क्लासची फी, अभ्यासिकेची फी, मेस, खोली, सगळे कापूस विकून, प्रसंगी गहाण टाकून जाते. जागा शेकडा, उमेदवार लाखो. लागण्याची शक्यता बोंडअळीच्या वर्षातल्या फरदडीइतकी. तरी त्याला पाठवतो, कारण तो मुलगा आहे. त्याच्याहून जास्त मार्क मिळवणारी बहीण घरी बसून मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरते, दिवसा वेचणीला जाते आणि रात्री भावाचे पैसे पाठवले का म्हणून आईला आठवण करते. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायकांचा मोठा मेळावा भरला. भाकरी बांधून गेलेल्या त्या बायकांच्या नाती आज अठरा वर्षांच्या आहेत. आजी चांदवडला जाऊन आली आणि नात तालुक्याला जाऊ शकत नाही, याला फक्त सरकार जबाबदार आहे का?

लग्नाचे बोलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. पुन्हा सरासरी! परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ आहे. बीडमध्ये त्रेचाळीसच्या पुढे. धुळे आणि सोलापूर चाळिसाच्या आसपास. हे सगळे आपले जिल्हे, कापूस आणि ज्वारीचे. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथे ज्वारीचे ‘परभणी शक्ती’ वाण काढले, लोह आणि जस्त जास्त असलेले, बायापोरांचे रक्त वाढावे म्हणून. विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर मात्र निम्म्या मुली पदवीच्या वयाला पोचण्याआधी सासरी. बीडकडे तर ऊसतोडीचा कोयता जोडीचा असतो. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादम उचल देतो ती जोडीला. दसऱ्याच्या आत पोराचे लग्न लावले की एक कोयता वाढला, आणि पोरीला पालावर एकटी ठेवण्यापेक्षा उजवलेली बरी, असा दोन्हीकडचा व्यवहार जुळतो. तिथे मुलगी वाचवा म्हणून भिंती रंगवून काय होणार? मुकादमाच्या उचलीला पर्याय द्यायला हवा, आणि आई-बाप फडावर असताना मुलीने राहावे असे वसतिगृह गावाजवळ हवे.

यावर पारावर एक उत्तर ठरलेले असते. मुली शिकल्या की शेतकरी नवरा नको म्हणतात, आधीच पोरांची लग्ने होईनात, त्यात आणखी शिकवायच्या? हे आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की सविस्तर उत्तर दिलेच पाहिजे. मुलीने शेतकरी नवरा नको म्हटले तर ती काय चुकीचे बोलली? अठरा वर्षे तिने आईला पाहिले आहे. पहाटे उठून भाकरी, दिवसभर निंदण, संध्याकाळी सरपण, सातबाऱ्यावर नाव नाही, हातात पैसा नाही, आणि पीक बुडाले की नवऱ्याच्या जिवाला घोर. तिचा नकार पोराला नाही, कापसाच्या भावाला आहे. तुम्ही बाजारात उभे राहून जे बोलायला कचरता ते तिने पाहुण्यांसमोर बोलून दाखवले. तिचे तोंड बंद करून भाव वाढणार नाही. तिला न शिकवता सतराव्या वर्षी उजवली तर ती शेतकऱ्याच्याच घरात पडेल, पण तिच्या मुली पुन्हा त्याच फाट्यावर उभ्या राहतील. शिकलेली बाई शेतीत टिकत नाही असेही नाही. खताचा डोस, फवारणीचे प्रमाण, बँकेचा कागद, पीकविम्याची मुदत, हे वाचणारे माणूस घरात असले की काय फरक पडतो हे ज्यांच्या घरी अशी सून आहे त्यांनाच विचारा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. आम्ही कोपरीविरुद्ध गाव असे भांडण लावत नाही. कोपरीतही सगळ्या मुली पदवीधर होत नाहीत. चाळीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला पूल ओलांडून पाच कॉलेजे दिसतात, पण घरात धाकटी भावंडे असतात आणि आई पहाटेच कामावर गेलेली असते. तिच्यासाठी मुंबई विद्यापीठाचे दूर शिक्षण, तेही जमले तर. यातल्या कितीतरी बाया आपल्याच दुष्काळी गावांतून गेलेल्या आहेत. आणि कोपरीपासून गाडीने दोन तासांवर, त्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या आदिवासी पाड्यावर काय स्थिती आहे? शहापूर तालुक्यातले भातसा धरण मुंबई-ठाण्याला पाणी देते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या बाया टँकरची वाट पाहतात. पाण्याचे जे झाले तेच कॉलेजांचे. जिल्ह्याची सरासरी ठाणे शहर भरून काढते. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. त्या कल्याणपासून मुरबाडच्या डोंगरातला पाडा अंतराने किती लांब आहे? बसने जाता येते, बस असली तर. आपल्याकडेही तांड्यावरची मुलगी, मुस्लिम वस्तीतली मुलगी, बौद्धवाड्यातली भूमिहीनाची मुलगी आपल्या मुलीच्याही चार पावले मागे उभी आहे. पाटलाच्या पोरीसाठी गाडी मागायची आणि तांड्यावर ती वळवायची नाही, असली मागणी आम्ही करणार नाही.

मागणी काय आहे ती आता सरळ सांगतो. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास पदवीपर्यंत झाला पाहिजे. रेल्वेने केले, एस.टी. ला का जमू नये? पैसे कुठून आणायचे हा प्रश्न फलकांवर खर्च करणाऱ्या सरकारने आम्हाला विचारू नये. मुक्कामी गाड्या सुरू झाल्या पाहिजेत, आणि गाडीची वेळ कॉलेजच्या पहिल्या आणि शेवटच्या तासाला धरून लागली पाहिजे. तालुक्याला मुलींचे सरकारी वसतिगृह पाहिजे, जातीच्या दाखल्याबरोबर कोरडवाहू सातबाराही तिथे चालला पाहिजे. ऊसतोड्यांच्या मुलींना त्यात पहिला हक्क. अनामत आणि प्रवेशाची रक्कम जूनऐवजी जानेवारीत घ्यावी, व्याज न लावता. पीककर्जाला हंगाम असतो, तर कॉलेजच्या फीला का नसावा?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणायची आहे. त्यात गेल्या तीन वर्षांत गावातून बारावी पास झालेल्या मुलींची संख्या लिहा, नावे नकोत. त्यांतल्या किती कॉलेजात गेल्या, किती घरी आहेत, किती सासरी गेल्या आणि कितव्या वर्षी, हे लिहा. सरपंचाच्या घरची आणि तांड्यावरची, दोन्ही मोजा. शेजारच्या पानावर गावातून सकाळी किती वाजता गाडी निघते, कॉलेज किती वाजता भरते, संध्याकाळची शेवटची गाडी कधीची, ती किती दिवस चुकली, हे लिहा. ही नोंद बायकांनी करायची आहे. पुरुषांनी फाट्यावर उभे राहून गाडीची वेळ टिपायची. सगळ्या वह्या गोळा झाल्या की त्या घेऊन आम्ही आगारप्रमुखाकडे आणि तिथून विभाग नियंत्रकाकडे जाणार आहोत, नवे शैक्षणिक वेळापत्रक लागण्याआधी. ज्या मुली सध्या बारावीला आहेत त्यांनाही बरोबर न्यायचे आहे. त्यांचा पास तोवर चालू असेल.